पोडावरचं पाणी आणि शब्बीर मिस्त्री

शाहीनचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर वाळत घातलेल्या मुगवड्या उलटवत होते. "ताई, अब्बू गेले," एवढंच ती बोलली. मग बराच वेळ फोनवर नुसते घरातल्या बायकांचे आवाज येत राहिले... फजरची नमाज पढून शब्बीर मिस्त्री अंगणातल्या खाटेवर टेकले, चहा आणते म्हणून शाहीन आत गेली, आणि ती कप घेऊन बाहेर आली तोवर सगळं आटोपलं होतं. एप्रिलचे शेवटचे दिवस होते. त्यांचं घर आमच्याच शहरात, लोहाऱ्याच्या बाजूला. मी ऑटोनं पोचले तेव्हा मय्यत उचलायची तयारी चालली होती. बायकांच्या खोलीत मला कोपऱ्यात जागा करून दिली. कुणीतरी हातात पाण्याचा ग्लास दिला आणि मी सवयीनं तो आधी उजेडाकडे धरून पाहिला. तीस वर्षं पाणी तपासायची नोकरी केलेल्या बाईची ही खोड. मिस्त्री त्यावरून मला नेहमी हसायचे. "इथं तरी सीधं पिऊन घ्या ना ताई," म्हणायचे. त्या दिवशी तसं म्हणणारं कुणी नव्हतं.

आमची ओळख नोकरीतली. मी सरकारी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होते, ते पंचायत समितीकडचे हातपंप दुरुस्त करणारे मेकॅनिक. मूळचे पुसदचे. त्यांचे वडील स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचे, त्यामुळे वायसर, नळ्या, पाने यांत पोराचं बालपण गेलं. धिप्पाड माणूस, आवाज मोठा, आणि हात मात्र सोनाराचे असावेत तसे हलके. पंपाच्या पाइपाला कान लावून ते सांगायचे की वायसर गेलंय, साखळी सरकलीय, की पाणीच खाली गेलंय. आमच्या भागात हातपंपाला बोरिंग म्हणतात. शंभरेक गावांची बोरिंगं त्यांना माणसांसारखी ओळखीची होती. एखादी रुसते, एखादी खोकते, एखादीला उन्हाळा सोसत नाही, अशा भाषेत ते बोलत. मला सुरुवातीला हा सगळा बडेजाव वाटायचा. मी बाटल्यांतलं पाणी ओळखत होते; ते पाणी पिणारी माणसं ओळखत होते, हे मला फार उशिरा कळलं.

मारेगावकडे एक कोलाम पोड आहे. कोलामांच्या लहान वस्तीला पोड म्हणतात. तीस-पस्तीस घरं, आजूबाजूला कापूस आणि तूर, मागे टेकडी. नाव मी लिहीत नाही. तिथल्या मुलींची लग्नं व्हायची आहेत, आणि पाहुणे आधी दात पाहतात. या पोडाला पूर्वी नाल्याकाठची एक दगडी विहीर होती. पण पावसाचं तंत्र बिघडत गेलं. जूनमध्ये एक सर येऊन मग महिनाभर दडी, पेरलेली सरकी करपून पुन्हा पेरणी, आणि नंतर चार दिवसांत सगळा पाऊस कोसळून नाल्यातून निघून जायचा. मुरायला त्याला वेळच मिळेना. विहीर होळीलाच तळ दाखवू लागली. टंचाईच्या आराखड्यात पोडाचं नाव आलं, बोअर खणायची गाडी आली, आणि खडक फोडत फोडत फार खोलवर पाणी लागलं. आजकाल याला 'हवामान बदलाशी जुळवून घेणं' म्हणतात. तेव्हा आम्ही टंचाई निवारण म्हणायचो.

तो पंप बसवला शब्बीर मिस्त्रींनी. तो दिवस त्यांनी मला इतक्यांदा सांगितला की मी तिथे होते असंच वाटतं. पहिला दांडा मारल्यावर गढूळ आलं, मग काचेसारखं. बायकांनी पंपाला हळदीकुंकू लावलं, आणि जंगुबाई नावाच्या एका बाईनं त्याच बोटानं मिस्त्रींच्या कपाळावर टिळा ओढला. मिस्त्री तसेच मोटरसायकलवर घरी आले. बायकोनं विचारलं, हे काय लावून आले? "म्हटलं, पाण्याचं आहे. राहू दे संध्याकाळपर्यंत." हे सांगताना दर वेळी त्यांचा हात नकळत कपाळाकडे जायचा.

त्यानंतर दहा-बारा वर्षांनी मी त्या पोडावर गेले. कापसाची ती वाईट वर्षं होती. जिल्ह्यात रोज कुठून ना कुठून पत्रकार येत, कॅमेरे येत, मंत्र्यांच्या गाड्या येत. सगळे कापसाबद्दल विचारत. पाण्याबद्दल विचारायला कुणाला सवड नव्हती, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नव्हती. वरून फक्त इतका आदेश होता की खोल बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड तपासा. माझ्याबरोबर वाट दाखवायला मिस्त्री होते. तपासणीची पेटी मी पंपाच्या ओट्यावर उघडली, पाण्यात द्रावणाचे थेंब टाकले. पाणी चांगलं असेल तर रंग गुलाबी राहतो. तो राहिला नाही. फिकटत गेला, आणि बघता बघता पिवळा झाला.

"पुन्हा करा," मिस्त्री म्हणाले. मी पुन्हा केलं. पुन्हा पिवळा.

"तुमचं औषध जुनं असन."

"औषध नवीन आहे, शब्बीरभाई. पाणी खराब आहे."

त्यांनी ओंजळ धरली, दांडा मारला आणि माझ्यासमोर घटाघटा पाणी प्यायले. "बारा वर्षं झाले, ताई. गोड पाणी आहे. एक पोट्टं जुलाबानं नाही मेलं या पोडावर बोरिंग झाल्यापासून. अन् तुम्ही दोन थेंब टाकून खराब म्हणून राह्यले?"

मी रागावले. शिकल्यासवरल्या माणसानं रागवावं तशी, थंड आवाजात. म्हटलं, हे जुलाबाचं विष नाही, हाडांत बसणारं आहे. मग मी शाळेच्या व्हरांड्यात मुलांना ओळीनं उभं केलं आणि दात दाखवायला सांगितलं. पिवळे, तपकिरी पट्टे ओढलेले, काहींचे कडेला कुरतडल्यासारखे. मिस्त्री माझ्यामागे उभे होते. नंतर मी नोंदी करत बसले तेव्हा ते एकटेच घरोघर हिंडून आले. परत आले ते वेगळाच चेहरा घेऊन. माझ्याशेजारी ओट्यावर बसले. "मोठ्या पोरींचे दात पांढरे आहेत ताई," हळूच म्हणाले, "अन् त्यांच्याच पाठच्या बहिणीचे पिवळे. बोरिंगच्या आधी जनमले ते पांढरे... नंतरचे सारे पिवळे."

हे माझ्या पेटीत नव्हतं. ते त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं.

मग जंगुबाईला त्यांनी हाक मारली. चाळिशीची असेल तेव्हा. मी तिला म्हटलं, हनुवटी छातीला टेकवून दाखव. मान झुकेचना. खाली वाकून पायाचा अंगठा धरायला सांगितलं, तर गुडघ्यापर्यंत हात गेले आणि अडले. चुलीपुढे बसता येत नाही म्हणून तिनं चूल दगडावर उंच मांडून घेतली होती आणि ती उभ्यानं भाकरी थापायची. दवाखान्यात वात आहे म्हणून सांगितलं होतं, दुखणं थांबायच्या गोळ्या दिल्या होत्या. ती हसत होती. "कायले रडता मिस्त्री, म्हातारपण हाय," म्हणाली. मिस्त्री रडत नव्हते, पण त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

अहवालाचं शेवटचं वाक्य आमच्याकडे ठरलेलं असायचं: 'पाणी पिण्यास अयोग्य, स्रोत तात्काळ बंद करावा.' ते मी तोवर किती वेळा लिहिलं असेल. लिहायचं, सही करायची, कागद पुढे पाठवायचा. त्या पोडासाठीही लिहिलं. हुकूम निघाला, आणि दांडा काढून आणायचं काम अर्थातच मिस्त्रींवर आलं. मार्च महिना होता. त्यांनी पंपाला धोक्याचा लाल रंग मारला, दांडा काढला, मोटरसायकलला आडवा बांधून आणला आणि स्टोअरमध्ये जमा केला. पोडाचे नाईक, म्हणजे तिथले पुढारी, रस्त्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालत आले होते. एकच प्रश्न विचारत होते: आता? मिस्त्रींनी साहेबांनी सांगितलेलं उत्तर दिलं. टँकर येईल.

टँकर आला. आठवड्यातून तीनदा, मग दोनदा, मग रस्ता खराब आहे म्हणून एकदा. पावसाळा लागला आणि कागदोपत्री टंचाई संपली, म्हणून टँकरही संपला. त्या वर्षी पाऊस पुन्हा लांबला होता. लोक नाल्याच्या रेतीत झिरे खोदून पाणी भरू लागले. त्याच नाल्यात गुरं उतरत होती. जुलैत एकदम धो-धो आला, सगळी घाण झिऱ्यांत आली आणि पोडावर जुलाब-उलट्यांची साथ लागली. बहुतेक जण वाचले. जंगुबाईची नात वाचली नाही. चार वर्षांची होती, मैना नाव तिचं. बैलगाडीतून दवाखान्याकडे नेताना वाटेतच गेली.

मला हे कार्यालयात कळलं, तेही दुसऱ्या दिवशी, साथीचे नमुने आले तेव्हा. मिस्त्रींना विचारावं म्हणून पंचायत समितीत फोन केला तर ते जागेवर नव्हते. सकाळीच स्टोअर उघडायला लावून दांडा घेऊन गेले होते. कुणाची लेखी परवानगी नाही, काही नाही. मी पहिल्यांदा आदेशाशिवाय एखाद्या गावी गेले ती त्या दिवशी. चिखल तुडवत पोडावर पोचले तर पंप सुरू होता. लाल रंगाच्या पंपावर बायकांची रांग होती आणि मिस्त्री भिजलेल्या कपड्यांनी ओट्यावर बसून होते.

"शब्बीरभाई, हे पाणी..."

"मले माहीत आहे ते कसं आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "दहा-बारा वर्षानं हाडं वाकवते. झिऱ्याचं दोन दिवसांत नेते. सांगा, कोणतं पाजू?"

मी ओट्यावर त्यांच्या शेजारी बसले.

"कागद तुमचा होता ताई," ते म्हणाले, "पण हात माहे होते. हे बोरिंग म्याच लावलं, म्याच बंद केलं. त्या लेकरानं कोणाचं काय बिघडवलं होतं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्यावर नाही चिडून राह्यलो. तुम्ही खरंच लिहिलं होतं." हे शेवटचं वाक्य ते माझी समजूत घालायला बोलले, आणि तेच मला आजवर सर्वांत जास्त बोचत आलं आहे. खरं लिहिलं होतं. पण बंद केल्यावर माणसं काय पितील, हा रकाना आमच्या नमुन्यात नव्हता, आणि तो नाही हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

बंद केलेला स्रोत परस्पर सुरू केला म्हणून मिस्त्रींना नोटीस आली. मराठी लिहायला ते बिचकायचे, म्हणून कागद घेऊन माझ्याकडे आले. मी साथीचा, मुलीच्या मृत्यूचा दाखला देऊन लांबलचक खुलासा लिहायला घेतला. त्यांनी माझा हात थांबवला. "मैनाले यात आणू नका. एवढंच लिहा. दांडा काढला तो हुकमानं, लावला तो माह्या मर्जीनं." तेवढंच लिहिलं. सेवापुस्तकात नोंद झाली आणि ते शेवटपर्यंत मेकॅनिकच राहिले. मी त्या खुलाशावर माझीही सही करायला तयार होते, असं मला आज म्हणायला आवडेल. पण मी तसं विचारलंसुद्धा नव्हतं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात ते एक दिवस प्रयोगशाळेत आले आणि विचारलं, "उथळ विहिरीच्या पाण्यात हे राहत नाही म्हणता ना?" म्हटलं, बहुतेक नसतं, ते खोल खडकातून येतं. त्यांच्या डोक्यात नाल्याकाठची ती जुनी विहीर होती. बोरिंग झाल्यावर तिच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. गाळानं भरली होती, काठावर झुडपं माजली होती, गावानं तिचा उकिरडा केला होता. मिस्त्रींनी आठ दिवसांची रजा टाकली. नाईक म्हणाले, "उपसतो, पण पाणी लागन काय?" मिस्त्री म्हणाले, "नाही सांगत बाप्पा. पाण्याची गॅरंटी देणं म्या सोडलं आता." तरी पोडातली माणसं आली. उपसा झाला, पडलेले दगड पुन्हा बसवले, काठ उंच केला, वरून लोखंडी जाळी बसवली. पाऊस झाल्यावर पाणी भरलं. मी पेटी घेऊन गेले. थेंब टाकले आणि आम्ही दोघं त्या नळीकडे टक लावून बसलो... गुलाबी. पाच मिनिटं गेली, दहा गेली, गुलाबीच. मिस्त्री उठले आणि पाठ वळवून नाल्याकडे चालत गेले.

गोष्ट इथे संपली असती तर मला ती सांगायला सोपी गेली असती. विहिरीचं पाणी होळीपर्यंत पुरायचं. प्यायला विहिरीचं, वापरायला बोरिंगचं, असा नियम मिस्त्रींनी घालून दिला. पण होळीनंतर पुन्हा सगळे बोरिंगवरच. मग शेवटचं उरलेलं विहिरीचं पाणी पोटुशा बायांना आणि लहान लेकरांना, असं ठरलं. काही घरांनी पाळलं, काहींना नाही जमलं. मध्ये एका संस्थेनं फ्लोराइड काढायची टाकी बसवली. वर्षभरानं तिच्यातला मसाला बदलायला कुणी आलं नाही, आता तिच्यात कोंबड्या बसतात. आसपासच्या शेतांत कापूस वाचवायला ज्यांना जमलं त्यांनी बोअर मारले, आणि विहिरीचं पाणी होळीऐवजी संक्रांतीलाच आटू लागलं. पावसाला तोंड द्यायला जो तो खाली खाली जात होता. मिस्त्री निवृत्त झाले, त्यांची बायको गेली, मोटरसायकल सुटली. तरी मिरगाच्या आधी एसटीनं ते पोडावर जाऊन यायचे. काय करता हो तिथे, विचारलं तर म्हणायचे, "काही नाही. जंगुबाईच्या हातचा चहा पितो."

या फेब्रुवारीत ते घरी आले. खूप वाळले होते. पिशवीतून पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली. पोडावर सौर पंप बसला होता, उंच टाकी झाली होती, हवामान बदलाला तोंड देणारं गाव अशा अर्थाचा फलक लागला होता. नळ फिरवला की पाणी. "बोअर आधीच्याहून खोल आहे," ते म्हणाले. "लोक खुश आहेत. त्या मुलींच्या डोक्यावरचा हंडा उतरला, मले त्याचं वाईट कसं वाटन? पण तुम्ही एकदा तपासून पाहा." माझ्याकडची औषधं केव्हाच मुदतीबाहेर गेली होती. मी बाटली ओळखीच्या मुलीकडून प्रयोगशाळेत दिली. अहवाल यायला उशीर झाला. दोनदा त्यांचा फोन आला, दोनदा मी म्हटलं, येईल. मिस्त्रींच्या दफनानंतर नवव्या दिवशी तो आला. वाक्य तेच होतं. अक्षर फक्त आता छापील.

चाळिसावा झाल्यावर शाहीन म्हणाली, ताई, पोडावर सांगायला जायला पाहिजे. दोन्ही गोष्टी सांगायच्या होत्या. गेल्या आठवड्यात आम्ही गेलो. फाट्यावरून चालत निघालो तर घरं रिकामी, नळाखाली एक बकरी पाणी पीत होती. सगळी माणसं नाल्याकडे होती. मिरग तोंडावर आला होता आणि विहिरीतला गाळ उपसणं चाललं होतं. नळ आला तरी सोडलं नव्हतं. चार जण आत उतरलेले, काठावरून टोपल्या ओढल्या जात होत्या आणि बायका रांगेनं त्या हातोहात लांब नेत होत्या. शाहीननं मिस्त्री गेल्याचं सांगितलं. काम थांबलं. विहिरीतून कुणीतरी विचारलं, काय झालं? आणि ते वाकून आत सांगावं लागलं... नाईकांचा मुलगा आता नाईक आहे. त्याला मी अहवाल वाचून दाखवला. त्यानं कागद घेतला, घडी केली, खिशात ठेवला. "मग आता?" म्हणाला. वीस वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनी मिस्त्रींना हाच प्रश्न विचारला होता. मी 'टँकर येईल' असलं काही बोलले नाही. म्हटलं, नळ बंद करू नका. प्यायला जितके दिवस पुरेल तितके दिवस विहिरीचं घ्या. मी पुन्हा पुन्हा येत राहीन. मी अडुसष्ट वर्षांची आहे. हे किती दिवस खरं राहील, मला माहीत नाही.

शाहीननं ओढणी कमरेला खोचली आणि ती रांगेत शिरली. मीही चप्पल काढली. रांगेच्या अगदी टोकाला, उंच बांधलेल्या मातीच्या धक्क्यापाशी जंगुबाई उभी होती. मान तशीच ताठ, कंबर न वाकणारी. तिच्या हातात टोपली पोटाच्या उंचीवर यायची, ती फक्त वळायची आणि धक्क्यावरून पलीकडे गाळ ओतायची. मी म्हटलं, जंगुबाई, तुम्ही बसा ना, मी करते. तिनं टोपली सोडली नाही.

"ही जागा मिस्त्रीनं देली मले," ती म्हणाली. "हा धक्का त्यानंच बांधला. म्हणे, इथं वाकाचं काम नाही."

मी तिच्या आधीच्या जागेवर उभी राहिले आणि येईल ती टोपली तिच्या हाताला लागेल अशी उंच धरून देत गेले.